नवखा कोण आणि नवख्यांत उत्तम कोण : ‘रुकी ऑफ द इयर’च्या वादातले दोन प्रश्न

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये मोसम संपला की ‘रुकी ऑफ द इयर’ हा सर्वोत्तम नवख्या खेळाडूचा पुरस्कार कोणाला मिळावा, यावर वाद रंगतो. त्यात दोन प्रश्न सर्रास एकमेकांत मिसळले जातात. हा खेळाडू मुळात नवखा ठरतो का, हा पहिला प्रश्न पात्रतेचा आहे. पात्र खेळाडूंमध्ये कोणाची कामगिरी सरस, हा दुसरा गुणवत्तेचा. पहिल्याचे उत्तर नियमात आधीच दिलेले आहे, दुसऱ्याचे उत्तर मतदार पत्रकारांनी द्यायचे असते.

आधीच्या मोसमांत मिळून फलंदाजीच्या १३० पेक्षा जास्त अधिकृत संधी, किंवा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) म्हणून ५० पेक्षा जास्त डाव (एक डाव म्हणजे समोरच्या संघाचे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा खेळ), किंवा सक्रिय संघात ४५ पेक्षा जास्त दिवस, यांपैकी एकही मर्यादा न ओलांडलेला खेळाडू नवखा मानला जातो. दुखापतीच्या यादीतले दिवस यात धरले जात नाहीत. हे सगळे मोजमाप फक्त मेजर लीगमधले आहे. खेळाडूचे वय किती आणि तो आधी दुसऱ्या देशात किती वर्षे व्यावसायिक बेसबॉल खेळला, याबद्दल नियम काहीही म्हणत नाही. आयपीएलच्या ‘इमर्जिंग प्लेयर’ पुरस्काराची सवय असलेल्या आपल्या वाचकाचा येथे गोंधळ होऊ शकतो, कारण तो पुरस्कार पहिल्या मोसमापुरता नाही : २०२० मध्ये आयपीएल पदार्पण केलेल्या ऋतुराज गायकवाडला तो २०२१ मध्ये, तर यशस्वी जयस्वालला २०२३ मध्ये मिळाला.

पात्रतेबद्दलची नाराजी गुणवत्तेच्या मतपत्रिकेवर उतरली की काय होते, हे २००३ च्या अमेरिकन लीगच्या मतदानात दिसले (मेजर लीग ही अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगची मिळून बनलेली आहे आणि दोन्हींत हा पुरस्कार वेगळा दिला जातो). हिदेकी मात्सुई त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजकडून पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला, पण त्याआधी तो जपानमध्ये योमिउरी जायंट्सकडून दहा मोसम खेळला होता आणि ३३२ होमरन (चेंडू थेट सीमेपार मारलेले फटके) त्याच्या नावावर होते. कॅन्सस सिटी रॉयल्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, आंखेल बेरोआ हा त्याचा मुख्य स्पर्धक. दोघांचीही फलंदाजीची सरासरी, म्हणजे अधिकृत संधींपैकी यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.२८७. बेरोआचे होमरन १७, मात्सुईचे १६. मात्सुईच्या फटक्यांवर १०६ धावा आल्या, बेरोआच्या ७३. उलट बेरोआने २१ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढचा बेस धावून गाठला, आणि मैदानावरची अधिक अवघड जागा सांभाळली. गुणवत्तेच्या कसोटीवर ही खरोखरच चुरशीची लढत होती आणि बेरोआला पहिली पसंती देणाऱ्यावर कोणी पक्षपाताचा आरोप केला नसता.

निकाल मात्र वेगळ्याच कारणाने गाजला. बेरोआला ८८ गुण मिळाले, मात्सुईला ८४, आणि दोन पत्रकारांनी मात्सुईचे नाव मतपत्रिकेवर लिहिलेच नव्हते. जपानमधल्या इतक्या अनुभवानंतर त्याला नवखा म्हणणे त्यांना पटत नव्हते. पहिल्या पसंतीला ५, दुसरीला ३ आणि तिसरीला १ गुण, असा तेव्हाचा हिशोब होता. म्हणजे दोघांनीही त्याला तिसरे स्थान दिले असते तरी तो ८६ वरच थांबला असता, पण दोघांनी दुसरे स्थान दिले असते तर तो ९० वर पोहोचला असता. त्या पत्रकारांच्या भावनेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. एकोणतिसाव्या वर्षी, जपानमध्ये तीनदा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाला नवखा म्हणताना जीभ अडखळतेच. परंतु तो आक्षेप नियमाविरुद्धचा होता, त्याची जागा नियम बदलण्याच्या चर्चेत होती, आणि त्याची किंमत मात्र एका खेळाडूने मोजली.

शिवाय पायंडा त्यांच्या विरोधात होता. हिदेओ नोमो १९९५ मध्ये, काझुहिरो सासाकी २००० मध्ये आणि इचिरो सुझुकी २००१ मध्ये जपानहून येऊन हाच पुरस्कार घेऊन गेले होते. इचिरोला तर २८ पैकी २७ पहिल्या पसंती मिळाल्या होत्या. त्याहून मोठी अडचण खुद्द जॅकी रॉबिन्सनची, आधुनिक मेजर लीगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूची, आहे. १९४७ मध्ये हा पुरस्कार सर्वप्रथम त्याला मिळाला आणि १९८७ पासून तो त्याच्याच नावाने दिला जातो. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळून आलेला होता. बाहेरचा अनुभव नवखेपण हिरावून घेतो असे मानले, तर पहिल्याच मानकऱ्यावर बोट ठेवावे लागते.

पात्रतेचा प्रश्न बाजूला काढला तरी गुणवत्तेचा प्रश्न सोपा होत नाही, कारण थोड्या सामन्यांतली झळाळी मोठी की पूर्ण मोसमाचे सातत्य, यावर मतदारांचे एकमत कधीच झालेले नाही. १९५९ मध्ये विली मॅककव्ही केवळ ५२ सामने खेळला, ०.३५४ ची सरासरी आणि १३ होमरन यांवर त्याची एकमताने निवड झाली. २०१६ मध्ये गॅरी सांचेझने ५३ सामन्यांत २० होमरन मारले, तरी ३० पैकी २६ पहिल्या पसंती डेट्रॉइटचा पिचर मायकल फुल्मर घेऊन गेला. २०२४ मध्ये नॅशनल लीगमध्ये पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स २३ सामन्यांत १३३ डाव टाकून, क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळता दर नऊ डावांमागे अवघ्या १.९६ धावा देऊन जिंकला, आणि १५६ सामने खेळून २४ होमरन मारणारा सॅन दिएगोचा जॅक्सन मेरिल दुसरा आला. मी मेरिलला निवडले असते, कारण शॉर्टस्टॉप म्हणून घडलेल्या या मुलाने त्याच वर्षी सेंटर फील्डची, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या मधल्या जागेची, जबाबदारी घेतली आणि ती मोसमभर निभावली; पण स्कीन्सला मत देणाऱ्यांनी दुसऱ्या प्रश्नाचेच उत्तर दिले होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येतो.

२०२२ च्या खेळाडू-मालक करारानंतर हा वाद केवळ मानाचा राहिलेला नाही. ठरावीक अटींत बसणारा नवखा या मतदानात पहिला किंवा दुसरा आला, तर तो मोसमाच्या मध्यात संघात आलेला असला तरी त्याच्या नावावर मेजर लीगमधल्या पूर्ण वर्षाची सेवा नोंदली जाते, आणि सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू स्वतःचा संघ स्वतः निवडायला मोकळा होतो. ११ मे रोजी पदार्पण केलेल्या स्कीन्सला याचाच लाभ झाला. पात्र खेळाडूचे नाव मतपत्रिकेवरून वगळणाऱ्या पत्रकाराच्या हातून आता अशा खेळाडूचे मोकळे होणे एका वर्षाने लांबू शकते.