लघवीतून एकदाच गेलेलं रक्त

लघवी लाल झाली, दुखलं-खुपलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखी. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धण्याचं पाणी, सब्जा सुरू होतो. लाली थांबते आणि श्रेय सब्जाला जातं. मूत्राशयातली कर्करोगाची गाठ मात्र अशीच अधूनमधून रक्त सोडते आणि आपोआप थांबते.

विडी-सिगारेटनेही हा कर्करोग होतो. पण धूर जातो फुप्फुसात, मग कर्करोग मूत्राशयात कसा? धागा सापडला रंगांच्या कारखान्यात. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 साली फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी असल्याचं मांडलं. पुढे दोषी ठरली या कारखान्यांतली अरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं; तंबाखूच्या धुरातही तीच असतात. यकृत त्यांवर हायड्रॉक्सिल गट चढवतं आणि ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देऊन पाण्यात विरघळण्याजोगं करतं. मूत्रपिंड ते गाळून खाली धाडतं. पण लघवी बहुधा आम्लधर्मी. त्या आम्लात जोड सुटते, मोकळा झालेला रेणू अस्तराच्या पेशींत शिरून डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतो. मूत्रवाहिनीतून लघवी झरझर जाते, मूत्राशयात तासन्‌तास साठते. म्हणून मार तिथे जास्त. ज्यांचं एनएटी2 हे यकृतातलं विकर (एन्झाइम) संथ, त्यांच्यात ही अमाइन्स निकामी व्हायलाही वेळ लागतो. संपर्क आणि गाठ यांत वीस-वीस वर्षं जातात.

‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ ही समजूत इथे घातक आहे. ईश्वरीच्या, म्हणजे सापसंदाच्या कुळातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीत कर्करोग करतं. ब्रसेल्समध्ये 1990च्या सुमारास वजन उतरवण्याच्या चिनी वनौषधींतून ते अनेक स्त्रियांच्या पोटात गेलं. आधी मूत्रपिंडं गेली, मग गाठी सापडल्या.

लघवी बिटानेही लाल होते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत. मोठ्या भिंगाखालच्या एका क्षेत्रात तीन किंवा जास्त दिसल्या तर कारण शोधायलाच हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तरी तिच्यावर ढकलून मोकळं होऊ नये. लघवीत कर्करोगाच्या पेशी शोधणाऱ्या तपासणीसाठी (सायटॉलॉजी) पहाटेची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात. या तपासणीत कमी आक्रमक (लो-ग्रेड) गाठी बऱ्याचदा निसटतात. सोनोग्राफी मूत्राशय भरलेलं असतानाच करावी, तरी काही मिलिमीटरची किंवा सपाट पसरलेली वाढ तिला दिसत नाही. म्हणून दुर्बीण (सिस्टोस्कोपी): बधिर करणारी जेली लावून ती लघवीच्या वाटेने आत घालतात आणि काही मिनिटांत आतलं अस्तर डोळ्यांनी पाहता येतं. वरच्या मार्गासाठी, म्हणजे मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीसाठी, सीटी युरोग्राफी हे स्कॅन.

बायकांचं निदान बऱ्याचदा लांबतं, कारण जळजळ म्हटली की संसर्ग धरून अँटिबायोटिक दिलं जातं. कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि तांबड्या पेशी आहेतच, तर तिसरा कोर्स घेण्याआधी युरॉलॉजिस्टकडे दुर्बिणीबद्दल विचारा.