नवमाध्यमांचा पेपर आणि फॉन्टचा घोळ

ब्लॉग आणि नवमाध्यमांचा पेपर शिकवायला घेतला की सनावळी १९९७ पासून सुरू करणं सोपं जातं. त्या वर्षी जॉर्न बार्गर यांनी ‘वेबलॉग’ हा शब्द रूढ केला. १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला, त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा आली आणि २००३ मध्ये ती गूगलने घेतली. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. प्रकल्पाला मराठी मजकूर गोळा करायचा म्हटलं, की मात्र फॉन्टचा इतिहास उकरावा लागतो.

१९९४ पर्यंत छापखान्यांत खिळ्यांच्या जागी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, येऊ लागलं होतं. डीटीपीचे फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘म’ च्या मागे रोमन ‘ई’ असते, ‘र’ च्या मागे ‘जे’. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मजकूर म्हणजे नुसती रोमन खिचडी. रूपांतर करावं तर ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते, कारण तिथे ती व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नंतर.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच होती, पण घरोघरी पोचायला दशक गेलं. २००१ च्या विंडोज एक्सपीवरही भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी सीडी मागितली जाई. सायबर कॅफेत सीडी कोण देणार? म्हणून त्या काळातलं बरंच मराठी चित्रांत किंवा पीडीएफमध्ये अडकलं आहे. शोधून ते हाती लागत नाही.

युनिकोड आलं म्हणून घोळ मिटला असंही नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्दच घ्या. कुणी ‘ऱ’ ला हलन्त देऊन लिहितं, कुणी साध्या ‘र’ ला हलन्त आणि न दिसणारा जोडक (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. तिसरा ‘शेतकर्यांच्या’ असा रफाराचा, सरळ चुकीचा, तरी मुबलक. ‘ॲ’ ला स्वतंत्र जागा २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या नोंदींत तोही दोन तुकड्यांत सापडतो. एकाच रूपाने मोजणी केली की आकडा खाली येतो आणि विद्यार्थी बेधडक लिहितो, ‘या विषयावर ब्लॉगलेखन कमी झाले’. म्हणून आधी सगळी रूपं एकसारखी करून घ्यायची, मोजणी त्यानंतर.

प्रकल्पाच्या नोंदतक्त्यात लेखाचा वेबपत्ता, प्रकाशनाची तारीख आणि पाहिल्याची तारीख हे तीन रकाने वेगळे ठेवावेत. लेखक जुना लेख नंतर बदलू शकतो, म्हणून त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर प्रत जतन करावी. ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये बंद झालं. त्यावरच्या मराठी गप्पांवर आज कुणी प्रबंध लिहायला बसलं तर पंचाईत आहे.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला. ब्लॉग मागे पडला, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप पुढे आले. फॉरवर्ड होत आलेल्या मजकुराला ना पत्ता ना मूळ तारीख. तिथे पत्त्याचा रकाना कोराच ठेवायचा आणि तारखेच्या जागी ‘मिळाल्याची वेळ’ लिहायची. अंदाजाने तारीख भरायची नाही.