ग्रॅव्हल सायकलिंग, डोंगराळ वनप्रदेशातील

ग्रॅव्हल सायकलिंग : डांबर नसलेल्या, खडी-मुरुमाच्या रस्त्यांवरून ड्रॉप (खाली वाकवलेल्या) हँडलच्या व रुंद टायरच्या सायकलीने केलेला लांब पल्ल्याचा प्रवास किंवा शर्यत. प्रस्तुत नोंद डोंगराळ वनप्रदेशातील प्रकारापुरती आहे. तेथे सायकलस्वार मुख्यतः लाकूडवाहतुकीसाठी किंवा वणवा रोखण्यासाठी काढलेले वनमार्ग वापरतो. गिअर, टायर व ब्रेक यांची निवड बऱ्याच अंशी या मार्गांच्या घडणीवरून ठरते.

उगम : उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार सुरुवात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शर्यतींपासून धरावी. २००५ मध्ये ‘ट्रान्स आयोवा’ ही शर्यत सुरू झाली. पाठोपाठ २००६ मध्ये कॅन्झस राज्यातील एम्पोरिया येथून फ्लिंट हिल्स टेकड्यांमधली २०० मैलांची (सुमारे ३२० किमी.) शर्यत सुरू झाली; तीच पुढे ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने प्रसिद्ध झाली. खास या कामासाठी आखलेल्या आरंभीच्या कारखानी सायकलींत साल्सा कंपनीच्या ‘वॉरबर्ड’चा (२०१२ च्या सुमारास) उल्लेख होतो. शिमानोचा जीआरएक्स हा स्वतंत्र गिअर-ब्रेक संच २०१९ मध्ये आला. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने (यूसीआय) पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात भरवली. बाजारपेठेचा व स्पर्धेचा इतिहास म्हणून हा क्रम ग्राह्य आहे. मात्र आयोवा आणि कॅन्झस हे शेतीचे व गवताळ प्रदेश असून जंगलातील दीर्घ घाटांची परंपरा तेथून निघाली, असे दाखवता येत नाही.

दुसरे मत उगम बराच मागे नेते. १८९७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या २५ व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांची सायकल तुकडी लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली माँटॅनातील फोर्ट मिझूलाहून सेंट लुइसपर्यंत सुमारे १,९०० मैल (३,०५० किमी.) गेली, वाटेत रॉकी पर्वतरांगेतील कच्चे रस्ते होते. १९१० मध्ये ‘तूर द फ्रान्स’ शर्यत प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांतून नेण्यात आली. त्या वेळी ते घाट कच्चेच होते. ब्रिटनमध्ये १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रफ स्टफ फेलोशिप’ या मंडळाचा तर हेतूच डांबरी रस्ते टाळून डोंगरवाटांनी सायकल नेणे हा होता. या मताविरुद्धचा आक्षेप असा की, त्या काळी रस्तेच कच्चे असल्याने पहिल्या दोन उदाहरणांत निवडीचा प्रश्नच नव्हता. आक्षेप रास्त आहे. १९५५ च्या उदाहरणाला मात्र तो लागू पडत नाही.

तिसरा धागा कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीचा. तेथील वणवारोधक रस्त्यावर १९७६ पासून ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत होत असे. ती सहसा माउंटन बाइकच्या इतिहासात नोंदवली जाते. पण रस्त्याचा प्रकार पाहता तिला या नोंदीतून वगळणे कठीण आहे. मागच्या हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) ब्रेक उतारावर इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई व ते प्रत्येक वेळी नव्याने भरावे लागे. एकंदरीत प्रथा जुनी, तिच्यासाठी घडवलेली सायकल मात्र अलीकडची, ही मांडणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

रस्त्याची घडण : भरलेला लाकडाचा ट्रक चढू शकेल अशा बेताने आखल्यामुळे वनमार्गांचा चढ साधारण ८ ते १० टक्के ठेवला जातो, १२ टक्क्यांच्या वरचे तुकडे आखूड असतात. म्हणूनच पायवाटेने अशक्य वाटणारा डोंगर वनमार्गाने सायकलीवर चढता येतो. पृष्ठभागाच्या बाबतीत खडी फोडलेली आहे की नदीतली, हा भेद महत्त्वाचा. फोडलेल्या खडीच्या कडा एकमेकींत अडकतात, बारीक भुकटी फटी भरते आणि रस्ता घट्ट बसतो. नदीतले गोटे गोल असल्याने चाकाखाली सरकत राहतात.

वाहनांच्या वर्दळीने रस्त्यावर आडव्या पन्हळी पडतात. टाबर्ले, मॉरिस व मॅकेल्वेन यांनी २००७ मध्ये वाळूवर चाक फिरवून केलेल्या प्रयोगांत दिसले की, ठरावीक वेगाच्या वर चाक गेले की पन्हळी आपोआप तयार होतात; त्यासाठी वाहनाला स्प्रिंग असण्याचीही गरज नाही. चाकांची पकड ताणली जाते अशा जागी, म्हणजे चढावर आणि वळणाआधीच्या ब्रेक मारण्याच्या पट्ट्यात, त्या ठळक असतात. दोन पन्हळींतील अंतर ६० सेंमी. धरले, तर ताशी २५ किमी. वेगाने सेकंदाला सुमारे १२ हादरे बसतात. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू सैल होतात ते याचमुळे. रस्त्याच्या अगदी कडेला पन्हळी बऱ्याचदा विरळ असतात, पण तेथे सुटी खडी साचलेली असते. पाणी काढून देण्यासाठी रस्त्यावर तिरके चर किंवा उंचवटे ठेवलेले असतात. ते काटकोनात ओलांडावेत. तिरके गेल्यास पुढचे चाक चरात वळते.

टायर व हवा : रुंदी साधारण ३८ ते ५० मिमी.; रिमचा मानक व्यास ६२२ मिमी. (७००सी) किंवा ५८४ मिमी. (६५०बी). फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंनी निदान ५-६ मिमी. मोकळी जागा हवी, नाहीतर चिखलात अडकलेला खडा फ्रेमचा रंग आणि पुढे धातू वा कार्बनही घासून काढतो. स्वार व सायकल मिळून ८५ किग्रॅ. असतील, तर ४० मिमी.च्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरसाठी पुढे ३२ व मागे ३५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचे माप) हा सुरुवातीचा आकडा धरून त्यात दोन-दोन पीएसआयने फरक करून पाहावा. हवा जास्त झाली तर चाक खड्यावरून उडते, पकड सुटते आणि वेगही घटतो, कारण शरीराला बसणाऱ्या प्रत्येक हादऱ्यात ऊर्जा खर्ची पडते. कमी झाली तर रिम दगडावर आपटते, किंवा वळणावर टायरची कड क्षणभर सुटून हवा ‘फस्’ करून जाते. उंचीनुसार हवा बदलावी, हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. १,५०० मी. चढल्यावर बाहेरचा दाब घटल्याने गेजवरचा आकडा सुमारे अडीच पीएसआयने वाढायला हवा. पण तापमान १० अंशांनी उतरले तर त्यातला दीड पीएसआय परत जातो.

ट्यूबलेस टायरमध्ये ४० ते ६० मिलि. सीलंट (छिद्र आतून बुजवणारे द्रव) लागते. ते काही महिन्यांत वाळते, व्हॉल्व्हमध्येही गोठते. पंक्चर झाल्यास छिद्र खालच्या बाजूला आणून सीलंटला तेथे पोहोचू द्यावे. छिद्र ३ मिमी.हून मोठे असेल तर प्लग (छिद्रात भरायची चिकट पट्टी) खुपसावा. खिळा रुतलेला असेल तर प्लग हाती तयार झाल्यावरच तो उपसावा. टायरची बाजू फाटली तर मात्र ट्यूब घालावी लागते. त्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून जुने काटे काढावेत. सीलंटने गप्प केलेले काटे नव्या ट्यूबला पहिल्याच किलोमीटरमध्ये फोडतात. फाटलेल्या जागी आतून जाड तुकडा लावला नाही, तर ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते.

गिअर : सर्वांत हलका गिअर एकास एक (पुढचे व मागचे दाते सारखे) किंवा त्याहून कमी असावा. पुढे ३० व मागे ३४ दाते असतील (०.८८) तर ४० मिमी. टायरवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.९५ मी. सरकते. मिनिटाला ७० फेऱ्यांनी वेग ताशी ८ किमी. पडतो. १० टक्के चढावर ९२ किग्रॅ. एकूण वजनासाठी यास २२५ ते २३० वॉट लागतात. एकास एक गिअरवर तेवढ्याच फेऱ्यांसाठी सुमारे २६० वॉट लागतात आणि दीड तासाच्या घाटात हा फरक पाय पुरते रिकामे करतो. सुट्या खडीच्या चढावर सीटवरून उठू नये. मागच्या चाकावरचा भार हलका होऊन ते जागच्या जागी फिरते. फ्रेमनुसार डिरेलर हँगर (गिअर बदलणारे यंत्र फ्रेमला जोडणारा तुकडा) वेगळा असतो. तो जंगलात मिळणे नाही, म्हणून स्वतःचा एक जादा बाळगतात.

उतार व ब्रेक : ९० किग्रॅ. वजन ६०० मी. खाली आणताना सुमारे ५३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. साडेसात टक्के उतारावर ताशी २० किमी. वेग राखला, तर तिच्यातला अंदाजे दोन-तृतीयांश भाग ब्रेकमध्ये उष्णता होतो; उरलेला हवा व रस्ता खातात. ब्रेक सतत हलके दाबून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जोरात दाबून सोडावा, म्हणजे डिस्कला निवायला अवधी मिळतो. रेझिनचे पॅड चिखल-पावसात लवकर झिजतात, धातुमिश्रित पॅड टिकतात पण आवाज करतात. लांब घाटाआधी पॅडची जाडी पाहावी. हात हँडलच्या खालच्या वाकावर ठेवल्याने ब्रेकवर तरफेचा जोर मिळतो. वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करावा आणि ट्रकच्या चाकांनी साफ झालेल्या पट्ट्यातून वळावे. केसपिनी वळणात आतली बाजू तीव्र उताराची व चरांनी कापलेली, तर बाहेरची उडालेल्या खडीने भरलेली असते.

कायदा : देशागणिक फरक मोठा आहे. जर्मनीच्या संघीय वनकायद्यानुसार जंगलात सायकल केवळ रस्ते व वाटांवर नेता येते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात २ मी.हून अरुंद वाटाही वर्ज्य आहेत. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वनकायद्याने पायी फिरण्याची मोकळीक दिली असली, तरी वनमार्गावर सायकल चालवण्यास मालकाची वा रस्ता राखणाऱ्याची संमती लागते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने जबाबदारीने सायकल चालवण्याचा हक्क बहुतेक जमिनींवर दिला आहे. वृक्षतोड चालू असताना मार्ग तात्पुरते बंद केले जातात आणि तशा वेळी आडवी साखळी वा फाटक ओलांडून जाऊ नये. वळणापलीकडून येणाऱ्या ट्रकचालकाला त्या रस्त्यावर कोणी असेल अशी अपेक्षा नसते.