बऱ्हाणपूर एका दिवसात : भुसावळ-जळगावकडच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. तुम्ही आमच्याकडे बऱ्हाणपूरच्या सहलीची चौकशी केलीत, म्हणून हे पत्रक देत आहोत. तारीख पक्की करण्याआधी ते घरात सगळ्यांनी वाचावं, ज्येष्ठांनी तर नक्कीच. दिवसभरात किती चालायचं, किती पायऱ्या आहेत, कुठे चपला काढायच्या, हे आधी माहीत असलं की मन निवांत राहतं.

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेने बऱ्हाणपूर जेमतेम ५४ किलोमीटर. काशीला किंवा दिल्लीला जाताना हे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकांनी खिडकीतून पाहिलं आहे. उतरलेले फार थोडे. दोनशे वर्षं जिथून खानदेशावर राज्य झालं ते गाव खानदेशच्याच माणसांना अनोळखी राहावं, याची आम्हाला खंत वाटते. हा व्यवसाय त्या खंतेतूनच सुरू झाला.

हे तुटणं जुनं आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची पहिली गादी थाळनेरला होती, आजच्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला नासिरखान फारुकीने तापीच्या उत्तर तीरावर नवं शहर वसवलं आणि खुलताबादला विसावलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. समोरच्या तीरावरचं जैनाबादही त्याच परंपरेतल्या जैनुद्दीन शिराझींच्या नावाचं. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, फारुकींचं राज्य संपलं आणि बऱ्हाणपूर मोगलांचं दक्षिणेतलं मुख्य ठाणं झालं. पुढे इंग्रजी अमलात जळगाव-धुळ्याचा मुलूख मुंबई इलाख्यात राहिला, बऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेलं. मधे सरकारी रेघ आली आणि आपलं येणंजाणं लग्नकार्यापुरतं उरलं. गावात मराठी मात्र अजून सर्रास ऐकू येते.

आमची सहल फक्त तुमच्यासाठी असते, म्हणजे काय

गाडीत तुमच्याच घरची माणसं असतात, अनोळखी प्रवासी घेत नाही. गाडी सात आसनी आहे. चालक सोडून सहा जागा उरतात, त्यातली एक गाईडसाठी लागते. म्हणून पाच पाहुणे. मांडीवरचं मूल मोजत नाही, पण "सहावा कसाबसा बसेल" असं कृपया म्हणू नका. पाच तासांचा प्रवास आणि दिवसभराचं फिरणं अवघडून बसून होत नाही. पाहुणे जास्त असले तर दुसरी गाडी काढतो. गाईड तेवढा एकच राहतो, म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट एकत्र ऐकता येते.

गाईड बऱ्हाणपूरचाच, मराठी बोलणारा. तिथे गाईडशिवाय फिरणं आम्ही सुचवत नाही. वास्तू गावभर आणि गावाबाहेर विखुरल्या आहेत, बऱ्याच ठिकाणी फलक अपुरे आहेत आणि काही रस्ते इतके अरुंद की गाडी कुठे उभी करायची हे गावच्या माणसालाच ठाऊक असतं.

दिवस कसा जातो

सकाळी साडेसहाला भुसावळ सोडायचं. जळगावहून येणाऱ्यांना साडेपाचला घेतो. तापी ओलांडून सावदा, रावेर या रस्त्याने जातो, कारण डावीकडे सातपुडा सोबत चालतो आणि दोन्ही अंगांना केळीच्या बागा असतात. वाटेत एक चहा. पोहे घरून आणलेत तर उत्तम.

पहिला मुक्काम शाही किल्ला. नदीच्या काठावर उंच उभा आहे, सकाळी गर्दी नसते आणि वरच्या गच्चीवरून तापीचं पात्र स्वच्छ दिसतं. बराचसा वाडा पडला आहे. पण हमाम टिकून आहे. आत शिरल्यावर लगेच पुढे जाऊ नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि मग वर बघा. छतावरची रंगीत वेलबुट्टी हळूहळू उमटत येते. या एका खोलीसाठी आम्ही अर्धा तास राखून ठेवतो.

याच गावात, जून १६३१ मध्ये, मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे तळ देऊन होता. तिला आधी पलीकडच्या तीरावर जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, दफन केलं होतं. सहाएक महिन्यांनी, डिसेंबरात, पार्थिव आग्ऱ्याला नेलं. पाहुण्यांपैकी आजी-काकू मंडळी ही गोष्ट ऐकताना फार गप्प होतात. बाळंतपणात गेलेल्या बायका प्रत्येक घराच्या आठवणीत असतात, आणि ही तर बादशहाची राणी होती.

"ताजमहाल खरं तर इथेच बांधायचा होता," असं तुम्हाला गावात दहा जण सांगतील. आमचा गाईडही सांगेल, पण लोक असं म्हणतात एवढंच सांगेल. कागदोपत्री असलेलं आणि लोकांच्या तोंडी असलेलं वेगवेगळं सांगायचं, ही त्याला आमची पहिली सूचना आहे. तोंडची गोष्टही ऐकण्यासारखी असते, फक्त ती कुठल्या खात्यात लिहायची ते कळलं पाहिजे.

तिथून जामा मशीद, दुपारच्या नमाजाआधी. काळ्या दगडाची, पंधरा कमानींची, दोन उंच मिनारांची ही मशीद राजा अलीखान फारुकीच्या काळातली. आम्ही तिथे मुद्दाम जातो ते आतल्या भिंतीवरच्या एका लेखासाठी. अरबी लेखासोबत तिथे देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख आहे. सुरुवात "श्री सृष्टिकर्त्रे नमः" अशी. पुढे फारुकी घराण्याची वंशावळ आणि शके १५११ ची तिथी, आपल्या पंचांगाच्या रीतीने. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत वाचताना मुलांना जो अचंबा वाटतो तो पुस्तकातून येत नाही. ज्यांना जमेल त्यांनी स्वतः अक्षरं लावून वाचायचा प्रयत्न करावा, गाईड घाई करणार नाही. हे चालू प्रार्थनास्थळ आहे. अंगभर कपडे, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी, आवाज हळू. शुक्रवारी दुपारी आम्ही तिकडे फिरकत नाही, त्या दिवशी क्रम बदलतो.

जेवण साधं, शाकाहारी थाळीचं. सामिष खाणाऱ्यांनी आधी सांगावं, कारण त्या जेवणासोबतची इथली उलट्या कढईवर भाजलेली पातळ, भली मोठी मांडा रोटी खाल्ल्याशिवाय परतणं बरं नाही. आपल्या खापरावरच्या मांड्यांची ती बहीण शोभते. आणि शेवटी मावा जिलेबी. ती गरमच खायची, घरी बांधून न्यायचं असेल तर दराबा ही इथली दुसरी मिठाई न्या.

भर दुपारी जमिनीखाली

दुपारचं ऊन टाळण्यासाठी आम्ही कुंडी भंडारा याच वेळी ठेवला आहे. त्याला खुनी भंडाराही म्हणतात. नाव भीतीदायक आहे, आत घाबरण्यासारखं काही नाही.

लालबागेच्या बाजूला मोकळ्या जमिनीवर विहिरींसारखे गोल कठडे एका रांगेत दिसू लागतात. एक, दोन, दहा, वीस, रांग संपतच नाही. शंभराहून जास्त आहेत. या त्या कुंड्या. प्रत्येक कुंडी सरळ खाली उतरते आणि तळाशी सगळ्या एका भुयाराने जोडलेल्या आहेत. भुयारातून पाणी वाहतं.

कल्पना अशी. सातपुड्याच्या उतारावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि आतल्या आत तापीकडे सरकत राहतं. ते नदीला मिळण्याआधी जमिनीखालीच गोळा करायचं आणि मोट नाही, रहाट नाही, नुसत्या उताराच्या बळावर शहरापर्यंत आणायचं. कुंड्यांमधून भुयारात हवा आणि उजेड जातो, गाळ काढायला माणूस उतरू शकतो. इराणात अशा भुयारी पाटांना कनात म्हणतात. अब्दुल रहीम खानखाना इथला कारभार पाहत असताना, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही रचना आखली. होय, दोहे लिहिणारे ते रहीम हेच. पाण्यावरचा त्यांचा दोहा शाळेत पाठ केलेला असेल, तो इथे आठवतो.

पांझरेवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही बुद्धी ओळखीची वाटेल. तिथेही पाणी उताराने आपोआप चालतं, इथे ते जमिनीच्या पोटातून चालतं एवढाच फरक. रावेर-यावलकडचे केळीवाले पाहुणे या जागी सगळ्यांत जास्त रेंगाळतात आणि सगळ्यांत नेमके प्रश्न विचारतात, उतार किती, भिंतीला चुना का साठतो, उन्हाळ्यात पातळी किती उतरते. बोअर आणखी खोल न्यावी लागलेल्या माणसाला चारशे वर्षांपूर्वीचं हे काम दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळतं. २०२४ मध्ये याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आलं. गावकऱ्यांइतकाच आनंद आम्हालाही झाला.

खाली सुमारे ८० फूट उतरायला लिफ्ट आहे. ती कधी कधी बंद असते, आणि ते आमच्या हातात नाही. म्हणून खाली जायला मिळेलच असं वचन आम्ही देत नाही. आदल्या दिवशी चौकशी करून तुम्हाला खरं काय ते सांगतो. उतरता आलं तर खाली पाय ओले होतात, रबरी चपला हव्यात. ज्यांना दम लागतो किंवा बंद जागेत घाबरायला होतं त्यांनी वरच कठड्याशी बसावं. वरूनही पाणी दिसतं आणि त्याचा आवाज येतो.

उतरत्या उन्हात

चारनंतर शाहनवाजखानाची कबर, उतावळी नदीच्या काठी. रहीमचा हा मुलगा १६१९ मध्ये गेला. काळसर दगडामुळे लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेची खरबुजाच्या आकाराची घुमटी वेळ असला तर.

सूर्यास्ताला आम्ही मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपाशी असतो, तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ. पुरंदरचा तह आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे, १६६५. त्या तहाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, इथे बऱ्हाणपुरात वारला. घुमट्या, खांब आणि खाली नदी. इथे गाईड फारसं बोलत नाही.

मराठ्यांच्या खुणा विचाराल तर १६८१ च्या सुरुवातीला, संभाजीराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने इथल्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला. ती जागा जाता जाता दाखवतो. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये शहर पेशव्यांकडे आलं. आणि एक खुलासा, कारण तो दर महिन्याला करावा लागतो : पहिले बाजीराव जिथे वारले ते रावेरखेडी नर्मदेकाठी आहे. ते आपलं रावेर नव्हे, आणि या सहलीत येत नाही.

ज्यांना इच्छा असेल त्यांना बडी संगत गुरुद्वारा दाखवतो. १७०८ मध्ये नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग इथे थांबले होते. बोहरा समाजाचं दर्गा-ए-हकीमी हेही फार स्वच्छ, शांत ठिकाण आहे. पण दोन्ही घेतली तर शाहनवाजखान राहतो. एका दिवसात सगळं होत नाही, आणि सगळं करायचा हट्ट केला तर एकही जागा लक्षात राहत नाही. तुमची निवड आधी कळवा.

परत येताना इच्छापूरच्या इच्छादेवीचं दर्शन घेऊन मुक्ताईनगरच्या रस्त्याने रात्री साडेनऊपर्यंत भुसावळ.

असीरगड या सहलीत का नाही

गड बऱ्हाणपूरपासून साधारण २० किलोमीटरवर आहे आणि "तेवढा वर जाऊन येऊ" असं प्रत्येक जण म्हणतो. सुरुवातीला आम्हीही न्यायचो. एका मे महिन्यात दुपारी दीड वाजता एका कुटुंबाला वर नेलं आणि त्यांच्यातल्या आजींना चढावर भोवळ आली. सावली नव्हती, पाणी संपत आलं होतं. आजी बऱ्या झाल्या, पण चूक आमचीच होती. तेव्हापासून असीरगडासाठी वेगळा दिवस ठेवतो, पहाटे निघून, ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच. ज्या गडाला दक्षिणेचा दरवाजा म्हणत आणि जो घ्यायला अकबराला स्वतः यावं लागलं, त्याला उरलेला वेळ देणं बरोबरही नाही.

पैसे आणि इतर

दर गाडीमागे आहे, माणशी नाही. दरपत्रक सोबत जोडलं आहे. त्यात डिझेल, टोल, मध्य प्रदेशचा परवाना, चालकाचा भत्ता, गाईडचं मानधन आणि पिण्याचं पाणी आलं. जेवण आणि वास्तूंची तिकिटं तुमच्याकडे. गाईडला वरून काही द्यावं लागत नाही, आणि तो तुम्हाला कुठल्याही दुकानात खरेदीसाठी नेणार नाही. नेलं तर आम्हाला सांगा.

तीन दिवस आधी रद्द केलंत तर पूर्ण पैसे परत. घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर आदल्या रात्री कळवलंत तरी परत.

एप्रिल-मे शक्यतो टाळा. पाऊसकाळात तापीला पूर असला तर संगमाकडे जात नाही. बूट घालायला-काढायला सोपे, डोक्याला टोपी किंवा रुमाल, औषधं हाताशी, आणि ओळखपत्र.

तारीख कळवताना तीन गोष्टी सांगा : किती जण, त्यांत साठीच्या पुढचे किती, आणि पायऱ्या चढायला कुणाला त्रास होतो का. फोन सकाळी नऊ ते रात्री आठ. क्रमांक दरपत्रकावर आहे.