लाइव्ह यूएसबी

लिनक्सवर आधारित मुक्तस्रोत संगणकप्रणाली हार्डडिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवण्याची सोय. लिनक्सशी पहिली ओळख आज बहुधा अशीच होते. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की आधीचे विंडोज जागच्या जागी असते.

हे काम पूर्वी सीडी करत असे. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या लिनक्स प्रणालीने (२०००) ही पद्धत लोकप्रिय केली. ७०० मेगाबाइटच्या सीडीत सुमारे २ गिगाबाइटचे सॉफ्टवेअर दाबून भरलेले असे. उबुंटू या लिनक्स प्रणालीमागची कंपनी कॅनॉनिकल २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला घरपोच फुकट सीडी पाठवत होती. इंटरनेट संथ असलेल्या त्या दिवसांत हे मोठेच औदार्य होते.

पेनड्राइव्हवरची मूळ प्रणाली संकुचित आणि फक्त वाचता येणारी असते. वापरणाऱ्याने केलेले बदल रॅममध्ये तिच्यावर थरासारखे चढतात, म्हणून संगणक बंद करताच ते नाहीसे होतात. बदल टिकवायचे तर पेनड्राइव्हवरच वेगळी जागा राखावी लागते.

उबुंटू, मिंट किंवा फेडोराच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणालीची एकसंध प्रत) उतरवायची, चेकसम (फाइल बिनचूक उतरली का हे सांगणारा संकेत) पडताळायचा आणि रूफस किंवा एचरसारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहायची. आयएसओ नुसती कॉपी करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याने संगणक सुरू होत नाही. लिहिताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. याच कामाची लिनक्समधली ‘डीडी’ ही आज्ञा तर चुकून हार्डडिस्कचे नाव दिले तरी काही न विचारता तिच्यावरच लिहू लागते. नंतर संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप (कंपनीगणिक कळ वेगळी) दाबून पेनड्राइव्ह निवडायचा.

प्रणाली अशी चालवून पाहताना वेगावरून मत बनवू नये, कारण पेनड्राइव्ह मुळातच संथ. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, लॅपटॉप झाकून उघडला की जागा होतो का, हे पाहावे. मराठी वापरणाऱ्याने इन्स्क्रिप्ट कळफलक जोडून ‘दऱ्याखोऱ्यांत’ हा शब्द टंकून पाहावा. अर्धा ऱ नीट उमटला तर फाँटची चिंता नाही.

प्रणाली कायमची बसवणे हा वेगळा निर्णय. विंडोज शेजारी ठेवायचे असेल तर आधी बॅकअप घ्यावा आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, लिहून ठेवावी. लिनक्स कधीच न बसवणारेही हा पेनड्राइव्ह खणात जपून ठेवतात: विंडोज सुरूच होईनासे झाले की हार्डडिस्कवरच्या फायली बाहेर काढायला तो उपयोगी पडतो.