शेवटच्या स्थानकावरचा कॅमेरा : कोल्हापुरातील रेल्वे-छायाचित्रणाच्या छंदाची पार्श्वभूमी

रेल्वेच्या नकाशावर कोल्हापूर हे टोकाचे गाव आहे. मिरजेहून निघालेला फाटा येथे येऊन थांबतो, आणि पुढे सह्याद्री उतरून वैभववाडीला कोकण रेल्वेशी जोडण्याची योजना मंजूर होऊनही अद्याप प्रत्यक्षात आलेली नाही. गाड्यांचे फोटो काढण्याचा छंद असलेल्या माणसाला ही उणीव वाटणे स्वाभाविक आहे, कारण मनमाड, भुसावळ किंवा कल्याणसारख्या जंक्शनवर तासाभरात इंजिनांचे आणि डब्यांचे जितके प्रकार समोरून जातात तितके येथे दिवसभर बसूनही दिसत नाहीत. तरीही या छंदाला कोल्हापुरात जे वळण लागले ते या टोकाच्या जागेमुळेच, असे माझे मत आहे. शेवटच्या स्थानकात गाडी आली की इंजिन सुटते, बाजूच्या मोकळ्या रुळावरून गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाते आणि परतीच्या प्रवासासाठी पुन्हा जोडले जाते. हे शंटिंग संथ गतीने चालते. ज्या काळात सामान्य माणसाच्या हातातील कॅमेरा धावती गाडी पकडण्याच्या लायकीचा नव्हता, त्या काळात उभे किंवा रेंगाळणारे इंजिन ही फार मोठी सोय होती.

हा फाटा मुळात संस्थानाचा. त्याच्या कामाचा प्रारंभ १८८८ मध्ये झाला आणि १८९१ मध्ये मिरज ते कोल्हापूर हा सुमारे २९ मैलांचा मीटरगेज मार्ग, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला मार्ग, सुरू झाला. खर्च कोल्हापूर दरबारचा, तर गाड्या चालवण्याची जबाबदारी सदर्न मराठा रेल्वे कंपनीची, अशी ती व्यवस्था होती. राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे १८९४ मध्ये हाती घेतली, म्हणजे त्यांच्या प्रत्यक्ष कारकिर्दीच्या आधीच गाडी गावात आलेली होती. परंतु तिचा व्यापारी उपयोग कसा करायचा हे ठरवले ते महाराजांनी. १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ स्थानकाला लागून वसली आणि गुळाच्या व्यापाराला रेल्वेची जोड मिळाली. पुढे जयसिंगपूर हे नवे गावही याच मार्गाच्या कडेला उभे राहिले. १९०८ मध्ये सदर्न मराठा कंपनी मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, १९५१ मध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली, आणि १९६६ मध्ये दक्षिण-मध्य रेल्वे स्थापन झाल्यानंतर काही काळाने हा भाग मध्य रेल्वेकडे आला. मालक बदलला की डब्यांवरची अक्षरे बदलतात, आणि जुना फोटो हाती आल्यावर प्रथम पाहायची असतात ती हीच अक्षरे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत कोल्हापूर कधीच मागास नव्हते. बाबूराव पेंटर यांनी येथेच स्वतः चित्रपटाचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी येथेच चालवली, आणि १९२९ मध्ये प्रभातची स्थापनाही याच गावात झाली. पडदे रंगवणारे, स्टुडिओ चालवणारे, प्रकाशाची जाण असलेले कारागीर गावात पिढ्यानपिढ्या होते. मात्र त्यांचा कॅमेरा पोटापाण्याचा होता. तो लग्नाला, बारशाला, तालमीतल्या पैलवानाला आणि दरबारी समारंभाला गेला. रोज सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या गाडीसाठी फोटोची काच किंवा फिल्म खर्च करावी असे कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते. गाडी हाच विषय मानून तिचा फोटो काढायचा, तर त्यासाठी स्वस्त कॅमेरा आणि थोडा रिकामा वेळ या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असाव्या लागतात.

तो स्वस्त कॅमेरा स्वातंत्र्यानंतर आला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री असंख्य मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. एका रोलमध्ये १२ फोटो निघत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही देशी कृष्णधवल फिल्मही पुढे मिळू लागली. या कॅमेऱ्यात फोकस ठरलेला असे आणि झडपेचा (शटरचा) वेग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणून रुळाच्या काटकोनात उभे राहून काढलेल्या फोटोत इंजिनाच्या जागी राखाडी पट्टा उमटणे अटळ होते. त्यावर दोनच उपाय होते. एक म्हणजे गाडी समोरून तिरकी येत असताना बटण दाबायचे, कारण आपल्याकडे येणारी वस्तू चौकटीत आडवी फारशी सरकत नाही. दुसरा उपाय म्हणजे गाडी उभी असतानाच फोटो काढायचा. इंजिनाचे तोंड आणि एक कूस दाखवणारी जी तिरकी मांडणी आजही रेल्वेप्रेमींच्या फोटोंत सर्रास दिसते, ती सौंदर्यदृष्टीपेक्षा या अडचणीतून अधिक आली आहे.

अडचण केवळ यंत्राची नव्हती. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार सरकारला रेल्वेमार्गासारखी जागाही अधिसूचनेद्वारे निषिद्ध ठरवता येते, आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांनंतर पूल, यार्ड व स्थानके यांच्याबद्दलची सावधगिरी वाढली. फोटो काढण्यास मनाई असल्याच्या पाट्या पुलांवर अनेक दशके होत्या. गळ्यात कॅमेरा अडकवून फलाटावर फिरणाऱ्याला हटकले जाणे, हा या छंदातला नित्याचा अनुभव होता, आणि ‘इंजिनाचा फोटो कशाला हवा?’ या प्रश्नाला समोरच्याचे समाधान होईल असे उत्तर बहुतेकांकडे नसे. परिणामी लोकांनी फोटो काढले ते फलाटाच्या टोकावरून, फाटकापासून किंवा शेताच्या बांधावरून. रुळांवर शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली आजही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही त्यासाठी होऊ शकतात, आणि मोबाइलच्या या दिवसांत तो नियम पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे असे मला वाटते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे–मिरज–कोल्हापूर हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला. तोपर्यंत मुंबईला जाणाऱ्या कोल्हापूरकराला पुण्यात गाडी बदलावी लागे. त्यानंतर महालक्ष्मी एक्सप्रेससारखी थेट गाडी शक्य झाली. प्रवाशांसाठी ही सोय होती, परंतु छंदिष्टांसाठी खरा चमत्कार मिरजेत घडला. तेथे कोल्हापूर-पुण्याचे १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारे १००० मिलिमीटरचे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारे ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज, असे तीन मापांचे रूळ एकाच गावात आले. यांतले नॅरोगेज म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे. ती १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. ही तिहेरी अवस्था १९९० च्या दशकात मीटरगेज जाईपर्यंत टिकली. नॅरोगेज त्यानंतरही काही वर्षे राहिले आणि पुढे त्याचेही ब्रॉडगेज झाले. कोल्हापूरहून तासाभराच्या अंतरावर हे सारे दोन दशके उपलब्ध होते.

त्या काळात ब्रिटन, जर्मनी अशा देशांतून वाफेच्या इंजिनांचे शौकीन भारतभर फिरत होते, कारण त्यांच्याकडे वाफेचे युग आधीच मावळले होते. त्यांच्या हातात उत्तम कॅमेरे आणि रंगीत स्लाइड फिल्म असे. आपल्याकडचा हौशी मनुष्य मात्र एका रोलमध्ये घरची सहल, गणपती आणि उरल्यासुरल्या दोन चौकटींत इंजिन बसवत होता. भारतात ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित सेवा १९९५ मध्ये संपली. दक्षिण महाराष्ट्रातील वायपी आणि वायजी वर्गाच्या मीटरगेज इंजिनांचे रंगीत फोटो स्थानिकांकडे विरळ आहेत, यात नवल नाही. हौस होती, पैसा नव्हता. परदेशात राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी १९८९ मध्ये आयआरएफसीए हा रेल्वेप्रेमींचा गट सुरू केला, तेव्हा कुठे विखुरलेल्या माणसांना आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे समजू लागले.

डिझेलच्या काळात छंद खऱ्या अर्थाने रुजला. अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून १९६२ पासून आलेले आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेले २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या या मार्गाच्या ओळखीच्या झाल्या. सोळा सिलिंडरच्या त्या इंजिनाचा थांबूनथांबून येणारा घोगरा आवाज आणि गाडी उचलताना सुटणारा काळा धूर यांवर प्रेम करणारी एक पिढीच तयार झाली. कोणत्या गाडीला कोणत्या शेडचे (इंजिने ठेवण्याच्या व दुरुस्तीच्या आगाराचे) इंजिन लागते, म्हणजे ‘लिंक’ काय आहे, हे तोंडपाठ असे. एखाद्या दिवशी भलत्याच शेडचे इंजिन आले की ते ‘ऑफलिंक’, आणि त्याची बातमी फोनवरून मिरजेहून कोल्हापूरला गाडीच्या आधी पोहोचत असे. माझ्या मते या हौसेने छंदाचे थोडे नुकसानही केले आहे. सारे लक्ष इंजिनाकडे गेले; डबे, फलाटावरचे हमाल, सिग्नलचे हात, पार्सलचे ढीग, रुकडी किंवा हातकणंगल्याच्या छोट्या स्थानकांच्या पाट्या चौकटीच्या बाहेर राहिल्या. वळिवडे हे स्थानक ज्या गावाचे, तेथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. अशा स्थानकाचा जुना साधा फोटो रेल्वेप्रेमींपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकालाच अधिक मोलाचा वाटेल.

या मार्गावर फोटो काढायचा तर सूर्याशी हिशेब जुळवावा लागतो. मिरज कोल्हापूरच्या पूर्वेला असल्याने रूळ ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जातात, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने उभे राहायचे ते रुळाच्या दक्षिण बाजूला. मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि इंजिनाचा खालचा भाग पूर्ण काळोखात जातो. सकाळी कोल्हापूरहून सुटणारी कोयना एक्सप्रेस पूर्वेकडे तोंड करून निघते, म्हणून तिच्या चेहऱ्यावर कोवळे ऊन येते. उलट सकाळी मुंबईहून येणारी महालक्ष्मी पश्चिमेकडे येत असल्याने तिचे तोंड सावलीत राहते, आणि संध्याकाळी ती परत निघते तेव्हा अंधार झालेला असतो. गावाच्या सर्वांत लाडक्या गाडीचा चांगला फोटो मिळणे अवघड, हा येथील छायाचित्रकारांचा जुना सल आहे. पावसाळ्यानंतर ऊस वाढला की शेतांमधल्या जागा झाकल्या जातात, आणि तोड झाल्यावरच पुन्हा डबे चाकांपासून दिसू लागतात. पंचगंगेवरील रुकडीच्या पुलावर हा प्रश्न नसतो, पण २०१९ सारख्या महापुरात गाड्याच बंद असतात.

डिजिटल कॅमेरा आल्यावर फिल्मचा खर्च संपला, झडपेचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत गेला आणि धावत्या गाडीची चाकेही स्पष्ट येऊ लागली. त्याबरोबर एक नवी कटकट आली. एलईडीच्या गंतव्य-पाट्या अखंड पेटलेल्या दिसल्या तरी प्रत्यक्षात त्या अतिवेगाने उघडझाप करत असतात, त्यामुळे झडप जलद ठेवली की गाडीचे नाव अर्धवट उमटते. विद्युतीकरणाने खांब आणि तारा आणल्या, आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या जागा निरुपयोगी झाल्या. १६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे–कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली. तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन आहे, सुटे इंजिन नाही, त्यामुळे शेवटच्या स्थानकातील शंटिंग तिच्यापुरते तरी उरलेले नाही.

जुन्या फोटोंचा प्रश्न आता निराळा आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी धरते आणि पाकिटांवर बहुधा काहीच लिहिलेले नसते, म्हणून काळ ठरवावा लागतो तो फोटोतल्याच खुणांवरून. रूळ ब्रॉडगेजचे असतील तर फोटो १९७० नंतरचा. डबे लालसर तपकिरी असतील तर साधारणपणे निळा रंग रूढ होण्यापूर्वीचा, म्हणजे १९९० च्या दशकाच्या आसपासचा किंवा त्याहून जुना. डब्यावरच्या पाटीत गाडीचा क्रमांक चार आकड्यांचा असेल तर डिसेंबर २०१० च्या आधीचा, कारण पाच आकडी क्रमांक तेव्हा लागू झाले. इंजिनावरचा क्रमांक वाचता आला तर त्याच्या बांधणीचे वर्ष समजते आणि फोटो त्याहून जुना नाही एवढे नक्की होते. तो किती नंतरचा, हे मात्र पाकिटावर कोणी तारीख टाकली असेल तरच कळते.