सोयाचं दही आंबट होण्याआधीच का लागतं?

‘बदामाच्या दुधात मिरचीचे देठ टाका, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी घट्ट दही तयार’ ही कृती सध्या बरीच फिरते आहे. ती करून पाहणाऱ्यांना सकाळी बहुतेकदा वर दाट थर, खाली पाणी आणि आंबूस वास एवढंच मिळतं. दोष देठांचा नाही. घरी केलेल्या बदामाच्या दुधात प्रथिनं जेमतेम एक टक्का असतात आणि नारळाच्या दुधात दोन टक्क्यांच्या आसपास. दही म्हणजे प्रथिनांनी विणलेलं आणि पाणी धरून ठेवणारं जाळं. विणायला धागाच नसेल तर जीवाणू कितीही चांगले असोत, दही लागणार नाही.

म्हणून कढी किंवा श्रीखंड दुधाशिवाय करायचं असेल, तर सुरुवात सोयाबीनपासून करावी. 100 ग्रॅम सोयाबीनमधून 700 मिली दूध काढलं तर त्यात साधारण 4 टक्के प्रथिनं उतरतात, म्हणजे गाईच्या दुधाहून थोडी जास्तच.

आता जाळं विणलं कसं जातं ते पाहू. गाईच्या दुधात केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, तसा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) उतरत जातो आणि भार कमी होतो. उकळलेल्या दुधात पीएच 5.3 च्या आसपास आला की गोळे एकमेकांना चिकटू लागतात. 4.6 ला भार शून्यावर येतो आणि दही घट्ट होतं. तोवर आंबटपणाही पुरेसा आलेला असतो.

सोयाबीनमधली मुख्य प्रथिनं वेगळी आहेत: ग्लायसिनीन आणि बीटा-कॉनग्लायसिनीन. लोकरीच्या गुंड्यासारखी ती घट्ट गुंडाळलेली असतात आणि त्यांचे पाण्याला टाळणारे भाग आत दडलेले असतात. उष्णतेने हा गुंडा सुटतो. बीटा-कॉनग्लायसिनीन 70 ते 75 अंशांना उलगडतं, ग्लायसिनीनला मात्र 90 च्या वर जावं लागतं. उलगडल्यावर पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात आणि एकमेकांना बिलगायला पाहतात. त्यांना अडवणारा भार थोडासा कमी झाला तरी पुरतं. त्यामुळे सोयाचं दूध पीएच 6 ते 5.8 च्या दरम्यानच धरू लागतं. भांडं हलवून पाहिलं तर दही लागलेलं दिसतं, पण चव पिठूळ आणि गोडसरच असते. इथेच बहुतेकांची कढी फसते. दही घट्ट झालं म्हणून ते लगेच फ्रिजमध्ये जातं आणि जीवाणूंचं काम अर्ध्यावर थांबतं. लागल्यावरही ते आणखी 3–4 तास बाहेर ठेवा.

दुसरी अडचण साखरेची. सोयाच्या दुधात लॅक्टोज (गाईच्या दुधातली साखर) नसतं, सुक्रोज, रॅफिनोज आणि स्टॅकिओज या वेगळ्या साखरा असतात. विरजणातल्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या जीवाणूला सुक्रोज चालतं, पण त्याच्या जोडीच्या बल्गेरिकस जीवाणूला सहसा ते वापरता येत नाही. म्हणून अर्धा लिटर दुधाला एक चमचा ग्लुकोज पावडर घाला. आंबटपणात लगेच फरक पडतो.

दूध काढताना सोयाबीन 8–10 तास भिजवा, सालं चोळून काढा, उकळत्या पाण्यात 5 मिनिटं उकळा आणि मग वाटा. कच्चं वाटलं तर लिपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) सोयाबीनमधल्या तेलावर काम करून तो नकोसा कच्चट वास तयार करतं. एकदा तयार झालेला वास नंतर कितीही उकळलं तरी पूर्ण जात नाही. आधी उकळल्याने प्रथिनं थोडी कमी उतरतात, पण वासापुढे तो तोटा परवडतो. गाळलेलं दूध तापवताना 80–85 अंशांनाच भरमसाट फेस येतो आणि उकळी आल्यासारखं वाटतं. ती खरी उकळी नव्हे. फेस काढून टाका आणि ढवळत पूर्ण 12–15 मिनिटं उकळा, नाहीतर ग्लायसिनीन उलगडणार नाही आणि पचनाला आड येणारे ट्रिप्सिन-रोधकही शिल्लक राहतील. बोअरचं जड पाणी टाळा. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे दूध रवाळ होतं.

दूध 42 अंशांवर, म्हणजे बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावा. मिरचीच्या देठांत दही लावणारं कसलंही गूढ ‘एन्झाइम’ नसतं. देठांवर रानटी लॅक्टिक जीवाणू असतात, एवढंच. 8–10 देठांनी पहिलं दही 12 ते 18 तासांत लागतं. ते खाऊ नका, पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरा. गुलाबी-नारिंगी डाग किंवा घाण वास असेल तर सरळ फेकून द्या. लिंबू पिळलं तर दूध लगेच फाटतं, कारण पीएच झपकन उतरतो आणि जाळं विणायला वेळच मिळत नाही.

हे दही दुधाच्या दह्याइतकंच पौष्टिक, असा प्रचार मात्र खरा नाही. प्रथिनं आहेत, पण बी12 अजिबात नाही आणि कॅल्शियम दुधाच्या पाव हिश्शाहूनही कमी. रोजचं दूध पूर्ण सोडणाऱ्याने या दोन्हींची वेगळी सोय करायलाच हवी.

कढीसाठी 250 ग्रॅम दही, 300 मिली पाणी आणि दीड मोठा चमचा बेसन गार असतानाच घुसळून एकजीव करा. बेसनातलं स्टार्च प्रथिनांचे कण वेगळे ठेवतं, म्हणून कढी फुटत नाही. पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नका, मग मंद आचेवर 8 मिनिटं. जिरं, मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेलं आलं-मिरची यांची फोडणी शेंगदाण्याच्या तेलात करा. आंबटपणा कमी वाटला तर गॅस बंद केल्यावर लिंबू.

श्रीखंडाला चक्का बांधताना कळतं की हे जाळं पाणी सहज सोडत नाही. वर वजन ठेवून फ्रिजमध्ये 10 तास तरी लागतात. नुसता चक्का जिभेला खडूसारखा लागतो, कारण त्यात दुधातली चरबी नाही. 250 ग्रॅम चक्क्याला 60 ग्रॅम काजू गरम पाण्यात भिजवून गंधासारखे वाटा, त्यात एक मोठा चमचा रिफाइन्ड खोबरेल मिसळा. खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे फ्रिजमध्ये गोठून श्रीखंडाला बांधतं आणि तोंडात विरघळतं. साखर 150 ग्रॅम, तीही दळलेली. दाणेदार साखर विरघळायला वेळ घेते. केशर, वेलची आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून दोनदा काढा. चाळणीत गाठी राहिल्या तर चक्का नीट निथळलेला नाही असं समजू नका. दूध पुरेसं उकळलं गेलं नव्हतं किंवा काजू जाडसर राहिले आहेत, हे आधी तपासा.